दात काढायला हरकत नाही

३ मार्च

वर 'प्रिय' लिहावं की नको यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी जागा मोकळी सोडली. तुला हवं ते तिथे भर.

फोनच करणार होते. पण फोनवर तू 'नंतर बोलू' म्हणतोस, आणि तुझं ते नंतर आपण वेगळे झाल्यापासून अजून यायचंच आहे. शिवाय तुमच्या त्या खाणीवर आवाज आला तर आला, व्हिडिओचं तर नावच सोड. पत्र मात्र तू वाचशील. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस तू.

अक्षर वाईट आहे, समजून घे. बोटाला पट्टी आहे. दारात सापडलं.

बातमी अशी की मी नोकरी बदलली. तुझा भाऊ ज्या घरात राहतो, तिथेच कामाला लागले आहे. पगार बरा आहे आणि बस थेट दारातून मिळते, म्हणून. उगाच दुसरं काही मनात आणू नकोस. घर तू पाहिलं आहेस, पण बाहेरच्या खोलीपर्यंतच, त्याला सोडायला आलास तेव्हा. आत पाच जण राहतात. वयाने सगळे मोठे, कुणाला शब्द कमी, कुणाला हात नीट वळत नाहीत, आणि आम्ही पाळीपाळीने त्यांच्यासोबत असतो. सकाळी व्हॅन येते आणि त्यांना कामशाळेत घेऊन जाते. ती येईपर्यंत घरात जो गोंधळ असतो त्याला तोड नाही.

गप्पूने मला पाहिल्या पाहिल्या ओळखलं. 'वहिनी' म्हणाला आणि हातातली बॅटरी मला धरायला दिली. ती तो कुणालाच देत नाही म्हणे. लगेच परतही घेतली. पण दिली होती.

आता मुद्दा. त्याच्या फायलीत रुग्णालयाचा एक कागद आहे. त्यावर तुझ्या सुरेख अक्षरात लिहिलं आहे, 'सर्व दात काढायला माझी हरकत नाही.' खाली सही. एप्रिलच्या अठराव्या तारखेला त्याला भूल देऊन तोंडातले सगळेच्या सगळे दात उपटणार आहेत. चाळिशीही न ओलांडलेल्या माणसाचे. कवळी तो तोंडात ठेवणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणजे आयुष्यभर लगदा. सकाळी तो कडक टोस्ट कसा खातो ते तू विसरला असशील. डोळे मिटून, कराकरा, जणू घरात दुसरं कुणी नाहीच. दिवसभरात त्याच्या मनासारखी होणारी ती एकच गोष्ट असावी.

त्यांनी तुला फोन केला असेल आणि तू म्हणाला असशील, 'एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.' तुझं ठरलेलं वाक्य. आपल्या बाबतीतही तू तेच म्हणाला होतास. ते भांडण मला इथे काढायचं नाही.

रुग्णालयवाल्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. हिरड्या सुजलेल्या आहेत, ब्रश लागला की रक्त येतं, आणि तोंडाला असा वास येतो की शेजारच्या पलंगावरचा भिंतीकडे तोंड करून झोपतो. कुणाला ब्रश आत घालू देत नाही. कुणाचं काही चालत नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार.

पण मी हे थांबवणार आहे. विचारत नाही, कळवते आहे. खरं सांगायचं तर विचारावंच लागतं, कारण सही तुझी चालते. वहिनी हे नातं त्यांच्या कागदावर कुठेच बसत नाही.

कागदोपत्री अजून तुझीच


१२ मार्च

तुझं उत्तर आलं नाही. टपालाची पिशवी तुमच्याकडे आठवड्याने पोचते म्हणून तुला सवलत देते.

रुग्णालयात जाऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंना भेटले. भांडायच्या तयारीने गेले होते. पदर खोचून गेले होते म्हण. तर बाई चांगली निघाली. वयाने लहान, बोलायला सरळ. म्हणाली, मला काय हौस आहे का सगळे काढायची? पण तोंड उघडत नाही, घरी स्वच्छता होत नाही, मग एकेका दातासाठी दरवर्षी भूल देत राहायचं का? त्यापेक्षा एकदाच. मी म्हटलं, आणि घरी स्वच्छता झाली तर? ती म्हणाली, मग मलाच आनंद.

ठरलं ते असं. अठराची तारीख ती हलवणार नाही. पण त्याआधी एकदा मी गप्पूला दाखवायला न्यायचं. तोवर हिरड्यांतून रक्त यायचं थांबलेलं असलं आणि खुर्चीत बसून त्याने मागच्या दाढा दिसतील इतकं तोंड उघडलं, तर किडलेले तेवढेच काढायचे, बाकीचे ठेवायचे. नाही उघडलं तर सगळे. आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुझा कागद लागणार.

मग तिने विचारलं, तुम्ही घासता कसे? मी सांगितलं आणि सांगता सांगता माझं मलाच कसंतरी झालं. तूही ऐक. व्हॅन यायच्या घाईत पाचही जणांना बेसिनपुढे उभं करायचं. एकाने समोरून हनुवटी धरायची, दुसऱ्याने ब्रश खुपसायचा. भरपूर पेस्ट, भरपूर फेस, गप्पूला उमासा, मग झटापट. आणि सगळं शांतपणे पार पडलं तर बक्षीस म्हणून गोळी. लिमलेटची. डॉक्टरीणबाईने डोक्याला हात लावला. त्यातून त्याचं झटक्यांचं औषध गोड आणि घट्ट, ते झोपताना देतात. रात्रभर तो पाक दातांवर. असे दात टिकले हेच आश्चर्य.

तिने मला तिच्याच खुर्चीत बसवलं आणि माझ्या मागे उभी राहून दाखवलं. समोरून कुणी तोंडावर चालून आलं की माणूस मागे सरणारच. मागे उभं राहायचं, त्याचं डोकं आपल्या अंगावर टेकू द्यायचं, मऊ छोटा ब्रश, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. घाई नाही. आज नुसते ओठ झाले तरी आज झालं म्हणायचं. औषध ब्रशच्या आधी, किंवा त्याच औषधाची गोळी मिळते का ते बघायचं.

आमची पाळीप्रमुख आहे, तिला सगळे मुकादम म्हणतात. तिने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'पाच जणांना अशी खुर्ची-खुर्ची करत बसले तर व्हॅन काय माझी वाट बघणार आहे?' बरोबर होतं तिचं. म्हणून आम्ही सकाळची वेळ सोडली. आता संध्याकाळी अंघोळीनंतर करतो, एकेकाला, बाहेरच्या खोलीतल्या हाताच्या खुर्चीत. गोळ्यांचा डबा मुकादमने स्वतः कपाटावर चढवला. अर्धा तिनेच संपवला असावा.

रागावलेली, पण उमेदीत


२१ मार्च

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, ओळ. 'डॉक्टरांना कळतं ते. तू यात का पडतेस?'

का पडते ते सांगते. बोट दारात सापडलं नव्हतं. तुझ्या भावाने चावलं. कामाच्या पहिल्या आठवड्यात मीही बाकीच्यांसारखी समोरून गेले, आणि त्याने दात माझ्या बोटात असे रोवले की मुकादमला त्याचं नाक दाबावं लागलं. तुला लिहिलं नाही, कारण तू म्हणाला असतास, बघ, म्हणूनच काढलेले बरे. पण सुटल्यावर त्याने काय केलं ठाऊक आहे? बॅटरी आणली, माझ्या बोटावर उजेड पाडला आणि तसाच बसून राहिला. मी डोळे पुसले तरी उठला नाही. तेव्हापासून मी यात पडले आहे. आणि बस थेट दारातून मिळत नाही. दोन बदलाव्या लागतात. झालं समाधान?

आता प्रगती. आम्ही बॅटरी कामाला लावली. आधी मी खुर्चीत बसते, आ करते, आणि गप्पू माझ्या तोंडात बॅटरी मारून तपासणी करतो. फार गंभीरपणे करतो. माझ्या एका दाढेत चांदी भरलेली आहे, तिथे थांबतो, बोट दाखवतो. मग जागा बदलायच्या. पहिल्यांदा ब्रश त्याच्या तळहातावर, मग गालावर, मग ओठांवर. आता तो डोकं मागे माझ्या पोटावर टेकवतो आणि अक्षरशः पेंगतो. त्याच्या शेजारच्या पलंगावरचा, ज्याला आम्ही रेडिओ म्हणतो, तोही रांगेत येऊन बसतो. रेडिओ म्हणजे आपण बोलू ते दिवसभर पुन्हा पुन्हा लावणारा. सध्या घरात सकाळ-संध्याकाळ 'शाब्बास, झालं आजचं, शाब्बास, झालं आजचं' चालू आहे. ऐकायला वाईट नाही.

पण एका जागी गाडी अडते आहे. ओठांपर्यंत सगळं ठीक. त्यापुढे मी म्हटलं, 'दात दाखव बघू,' की संपलं. दातखीळ बसल्यासारखा होतो. ओठ आत ओढून घेतो, मानेच्या शिरा ताठ होतात, डोळ्यांत पाणी येतं. दुखत असेल म्हणून आधी डॉक्टरीणबाईच्या सांगण्याप्रमाणे वेदनाशामक देऊन पाहिलं. फरक नाही. आणि हे चिडणं नाही रे. घाबरणं आहे. कशाला घाबरतो ते कळत नाही. तुला काही आठवतं का? लहानपणी कुणी डॉक्टरने काही केलं होतं का?

नुसतं 'नाही' लिहायचं असेल तरी लिही. पण आठवून लिही.


२९ मार्च

तुझ्या उत्तराची वाट बघितली नाही, कारण उत्तर मला इथेच सापडलं.

परवा सकाळी न्याहारीला रेडिओच्या हातातला कप उलटा झाला आणि चहा थेट मुकादमच्या नव्या चपलांवर. रेडिओला हसू आवरेना. मुकादम लटक्या रागाने म्हणाली, 'दात काढू नकोस रे, पुसायला ये.' आपण म्हणतो तसंच, त्यात काही विष नव्हतं. रेडिओ तर आणखीच हसला. पण पलीकडे गप्पू बसला होता. त्याच्याशी कुणी काही बोललंही नव्हतं. त्याने हातातला टोस्ट खाली ठेवला, ओठ आत ओढले आणि दोन्ही तळहात तोंडावर दाबले. रेडिओचं मग सुरू झालं, 'दात काढू नकोस, दात काढू नकोस.' व्हॅन येईपर्यंत गप्पू तोंडात टॉवेलचं टोक कोंबून भिंतीशी उभा होता. टोस्ट तसाच राहिला.

हे वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकलं होतं.

तुला आठवतं का? आपण नवीन होतो. बसथांब्यावर तू मला गप्पूबद्दल पहिल्यांदा नीट सांगितलंस. तुझे शाळेतले मित्र घरी यायचे, हा दारात उभा राहून हसायचा, तोंड पूर्ण उघडं, लाळ शर्टावर, आणि ते सगळे त्याच्याकडे बघून फिदीफिदी करायचे. मग तू हळूच त्याला म्हणायचास, दात काढू नकोस. तू मला कौतुकाने सांगत होतास. म्हणालास, 'एवढा शहाणा आहे, एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.'

खरंच लागलं नाही. घरी गेले आणि आपल्या लग्नाचे फोटो काढून बसले. तो प्रत्येक फोटोत आहे आणि प्रत्येक फोटोत ओठ आत दाबून उभा आहे. मला वाटायचं त्याला गर्दी आवडत नाही. मी त्याला कधी दात दाखवून हसताना पाहिलंच नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आता विचार कर. ज्याला दादाने सांगितलंय की दात दिसता कामा नयेत, त्याला आम्ही सगळे मिळून रोज सकाळी म्हणायचो, दात दाखव. त्याने कुणाचं ऐकायचं? त्याने तुझं ऐकलं. तुझा शब्द राखायला त्याने माझं बोट चावलं.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. आधीच सांगते, कारण इथपर्यंत वाचून तू पत्र घडी करून ठेवशील आणि मग चार दिवस कुणाशी बोलणार नाहीस. तू तेव्हा शाळेत होतास. पोरं त्याला हसत होती आणि तुझ्याजवळ त्याला वाचवायचा तेवढाच उपाय होता. मी असते तर मीही तेच केलं असतं, वर त्या पोरांना बदडलंही असतं. तू फक्त एक केलं नाहीस. सांगितलेलं मागे घ्यायचं राहून गेलं.

तूर्तास आम्ही घरातून 'दात' हा शब्दच हद्दपार केला आहे. मुकादमने सर्वांना तंबी दिली. आता दातांना 'मंडळी' म्हणायचं. वरची मंडळी, खालची मंडळी, मागे बसलेली मंडळी. 'चला, मंडळींची अंघोळ,' म्हटलं की गप्पू खुर्चीत जाऊन बसतो. काल ओठांच्या आत ब्रश गेला. पुढच्या मंडळींना बाहेरून अंघोळ झाली. रक्त आलं, थोडं. डॉक्टरीणबाई म्हणाली होतीच, सुरुवातीला येईल, घाबरून थांबू नका, घासत राहिलात तरच थांबेल. मी घाबरत नाही. तूही घाबरू नकोस.

जेवलास का नीट?


६ एप्रिल

दिवा मिळाला. सोबत चिठ्ठी नाही, नाव नाही. पण खाणीत कपाळावर बांधायचा दिवा या पत्त्यावर पाठवणारा दुसरा कोण असणार? तुझा भाऊ तो बांधूनच जेवतो. झोपतानाही काढायला तयार नव्हता. शेवटी रेडिओने तक्रार केली, म्हणजे त्याला जमेल तशी. 'लाइट बंद करा, लाइट बंद करा,' ही माझीच ओळ त्याने लावून धरली.

आज त्याला दाखवायला नेलं होतं. सगळं सांगते, मध्येच पान उलटू नकोस.

रक्त थांबलं आहे. हिरड्या गुलाबी आहेत, पुढच्या तरी. मागे मी अजून पोचले नव्हते, कारण मंडळींची अंघोळ तो घालू देतो पण ओठ जेमतेम उघडून. तोंड म्हणून मोठं उघडत नाही. म्हणजे अर्धी अट पूर्ण, आणि उरलेली अर्धी त्याच्या हातात. मी बाहेर ऐटीत बसले होते, मनात मात्र देव पाण्यात ठेवले होते. मुकादम सुट्टी टाकून आली होती. का, म्हटलं. म्हणाली, सहज.

गप्पू आपला दिवा कपाळाला बांधून खुर्चीत बसला. मी मागे उभी राहिले, डोकं माझ्या अंगावर. डॉक्टरीणबाई पुढे वाकली, तर त्याने दिव्याचा झोत तिच्या डोळ्यांत मारला. ती शहाणी. तिने तोंडावरचा मास्क काढला, आ केलं आणि आधी स्वतःची तपासणी करून घेतली. मग त्याने ओठ थोडे उघडले. तिने आरसा बाहेरून फिरवला, मान हलवली, छान म्हणाली. पण मागचं काही दिसेना. तिने वाट पाहिली. मग पुन्हा पाहिली. मला तिच्या तोंडावरून कळलं की ती आता हरणार, आणि आम्हीही.

आणि इथे माझी घोडचूक. घरभर सगळ्यांना तंबी दिली, पण तिला सांगायचंच विसरले. ती मदतनिसाकडे वळून जुन्या एक्स-रेकडे बघत म्हणाली, 'मागचे दोन दात काढावेच लागतील.'

माझ्या अंगावर टेकलेली त्याची मान ताठ झाली. मी डोळे मिटून घेतले. मुकादमने माझा हात धरला.

तर तो म्हणाला, 'काढू?'

मी डोळे उघडले. तो बाईंकडे बघत होता. तिला वाटलं हा घाबरून विचारतोय. ती अगदी मायेने म्हणाली, 'हो, काढायचे. घाबरायचं नाही. काढायचेच.'

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं की त्याने काय ऐकलं होतं. एवढी मोठी डॉक्टर, पांढरा कोट घातलेली, स्वतःहून सांगते आहे की दात काढावेच लागतील. मी म्हटलं, 'काढ, गप्पू.'

आणि तुझा भाऊ हसला. ओठ सुटले, तोंड उघडलं, कानापर्यंत उघडलं, डोळे मिटले, खांदे गदगदू लागले, लाळ माझ्या हातावर, आणि कपाळावरच्या दिव्याचा उजेड छतभर नाचायला लागला. डॉक्टरीणबाईला काय झालं ते कळलं नाही, पण संधी कळली. ती आरसा घेऊन वाकली आणि वरची, खालची, मागे बसलेली, सगळी मंडळी एका दमात मोजून मोकळी झाली. मुकादम रडत होती आणि मला म्हणत होती, 'रडू नको गं.'

दोन जातील. दोनच. बाकीचे राहणार. तिने तसं लिहून दिलं आहे, सोबत पाठवते आहे. खाली तुझी सही करून तुमच्या कार्यालयातून लगेच फॅक्सने पाठव. हे एक काम.

दुसरं काम अवघड आहे. आज घरी आल्यापासून तो दिसेल त्याला विचारतो, 'काढू?' आम्ही म्हणतो काढ, की हसतो. व्हॅनवाल्याला विचारलं, त्यालाही काही कळलं नाही, तोही हो म्हणाला. पण त्याच्या पलंगाशी तुझा फोटो आहे. झोपायच्या आधी तो त्याच्यापुढे उभा राहिला, तुझ्याकडे बघितलं, आणि ओठ आत ओढून घेतले. आम्ही कितीही परवानगी दिली तरी ती बाहेरची. बंदी तुझी आहे.

सोळा तारखेला, रविवारी संध्याकाळी घरातल्या फोनवर फोन कर. तू कागदावर लिहिलंस ना, दात काढायला हरकत नाही? तेच सांग. या वेळी तोंडी संमती हवी आहे.

'नंतर' नको. रविवारी.


१६ एप्रिल, रविवार

प्रिय,

तू फोन ठेवल्या ठेवल्या लिहायला बसले आहे. पुन्हा लावायचा प्रयत्न केला, पण तुमची लाइन गेली ती गेलीच. हे उद्याच्या पिशवीत गेलं पाहिजे.

आधी इकडे काय चाललं होतं ते सांगते. तू ते काही पाहिलं नाहीस. फोन वाजायच्या कितीतरी आधीपासून तो त्या टेबलाशी बसला होता, दिवा कपाळावर, केस ओले करून भांग पाडलेला. भांग मुकादमने पाडला. फोन वाजला, मी आवाज मोठा केला, आणि तू 'गप्पू?' म्हणालास. त्याने लगेच ओठ आत घेतले. तुझा आवाज ऐकून. इतक्या वर्षांनी.

मग तू घसा खाकरलास आणि म्हणालास, 'दात काढायला माझी हरकत नाही.' अगदी कागदावरून वाचल्यासारखं. तुला तिथे येऊन एक ठेवून द्यावीशी वाटली. घरात सगळे श्वास रोखून, गप्पू टेबलाची कड धरून, आणि तू सरकारी पत्र वाचून दाखवतोस.

आणि मग तुझा आवाज बदलला. तू म्हणालास, 'काढ रे. काढ दात. दादा सांगतोय ना. कोण काय म्हणतंय बघू मी.'

त्यानंतर इकडून काही ऐकू आलं नाही, नाही का? तू 'हॅलो' म्हणालास. मग पुन्हा 'हॅलो'. मग माझं नाव घेतलंस, 'आहे का तो?' असं विचारलंस, आणि मी उत्तर द्यायच्या आत 'बरं, ठेवतो' म्हणून ठेवलास. मी त्याच्याकडेच बघत राहिले, त्याबद्दल माफ कर. तुझा आवाज ठीक नव्हता. तुला वाटलं असेल, तो उठून गेला. किंवा त्याला कळलं नाही. किंवा त्याला तुझ्याशी बोलायचं नाही. आता तू खाणीच्या त्या खोलीत बसून हेच उगाळत असशील, म्हणून ही घाई.

तुझा कागद मिळाला. परवा दोनच जाणार, डॉक्टरीणबाईचा निरोपही आला. मी त्याच्यासोबत आत असेन. उरलेल्या मंडळींची अंघोळ त्याच संध्याकाळी, हळू हाताने, जखम सोडून. जखम भरेपर्यंत टोस्ट दुधात बुडवून, मग पुन्हा कडक. हे सगळं मी बघते. तू तुझी सुट्टी काढ. आपल्याकडे काय काय काढतात बघ, विषय काढतात, भांडण काढतात, आठवण काढतात. एवढं सगळं काढलं, आता एक सुट्टी काढायला काय हरकत आहे? आलास की मी बस बदलायला तुझ्यासोबत थांब्यावर उभी राहीन.

रेडिओने तुझं वाक्य उचललं आहे. घरभर फिरतोय, 'काढ रे, काढ दात, कोण काय म्हणतंय बघू मी.' तुझ्याच सुरात म्हणतो, घसा खाकरून. गप्पू त्याच्या मागे मागे दिवा घेऊन जातोय. आत्ता दोघे या खोलीतून गेले.

तू विसरला असशील, आणि मला तर माहीतच नव्हतं. तुझ्या भावाच्या हसण्याला आवाज नाही. खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी येतं, तोंडातली सगळी मंडळी दिसतात, पण आवाज म्हणून काही निघत नाही. फोनवर ऐकू येण्यासारखं त्यात काहीच नसतं.

तू पहिल्यांदा हॅलो म्हणालास तेव्हा तो हसत होता. दुसऱ्यांदा म्हणालास तेव्हाही. तू फोन ठेवलास, तेव्हा तो रिसीव्हर तोंडासमोर धरून तुला दात दाखवत होता.

तुझी